दहा वाळे

नर्सरी, ४ सप्टेंबर

मावशी,

वर 'तीर्थरूप' लिहिलं नाही. मागच्या वेळी तूच लिहिलं होतंस, की माझ्यात बुडी मारून आजवर कुणी पवित्र झालेलं नाही. तरी ते न लिहिताना हात अडखळला.

तू कळवलेलं मला नीट समजलं की नाही, ते एकदा उतरवून बघतो. चुकलो असेन तर लगेच सांग. मार्चअखेर तू कॉलेजातून निवृत्त होणार. स्पिरिटमध्ये प्राणी ठेवलेल्या तुझ्या बरण्यांच्या खोलीत तुझ्या जागी माणूस घेणार. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे एरवी मला दारात उभं करायलाही कुणी तयार होणार नाही. पण तू तुमच्या विभागाच्या सरांना माझं अक्षर दाखवलंस आणि ते म्हणाले, मुलाने एकाच जातीचे दहा साप जमवावेत, मोजावेत, स्पिरिटच्या नळ्यांत ठेवून लेबलं लावावीत आणि फेब्रुवारीअखेर आणून दाखवावेत. काम चोख असेल तर 'मी त्याच्यासाठी शब्द टाकीन,' असंही म्हणाले. दहा म्हणजे दहा. हे बरोबर ना?

मला ती जागा हवी आहे, मावशी. आठ वर्षं मी इथे झाडांची नावं पत्र्याच्या पट्ट्यांवर रंगवतोय. आता मालकांनी लेबलं छापायचं यंत्र मागवलंय. ते आलं की माझ्या ब्रशला कोण विचारणार, आणि ब्रश काढून घेतला तर माझ्यात उरतं काय, या विचाराने जेवण जात नाही.

साप म्हटल्यावर मी तुला नाहीच कळवणार होतो. पण काल कुंड्या बदलणाऱ्या ताईंनी नेच्याची कुंडी उपडी केली, मुळांचा गोळा फोडला आणि मला हाक मारली, "ये रे, तुझ्या मापाचा साप सापडला." बघतो तर बुटाच्या नाडीहून बारीक, काळसर, चकचकीत काहीतरी मातीत शिरत होतं. ताई म्हणाल्या, गांडूळ असेल. पण त्याला वळ्या नव्हत्या, आणि एका टोकातून जीभ बाहेर आली. केसाएवढी. मी नीट पाहिली. दुसऱ्या टोकाला तोंड आहे की शेपूट, ते मात्र कळलं नाही.

हा साप धरतात का? की सर हसतील?

तुझा भाचा

---

बरण्यांची खोली, १२ सप्टेंबर

पंतोजी,

सर हसत नाहीत. त्यांना ते जमत नाही. आणि तुला जे सापडलं तो पुरा साप आहे. त्याला वाळा म्हणतात. इतका लहान, की पूर्ण वाढला तरी तुझ्या वितीबाहेर जायचा नाही.

विष नाही. चावायचं मनात आणलं तरी तोंड एवढंसं, की तुझी कातडीसुद्धा त्यात मावायची नाही. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. हातात धरलंस की तो टेकवून जोर लावील, आणि तू दंश झाला म्हणून अंथरूण धरशील. धरू नकोस. डोळे म्हणजे खवल्याखालचे दोन काळे ठिपके. उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळतं. बाकीचं जग त्याला जिभेने कळतं. मुंग्या आणि वाळवी गेलेल्या वाटेने तो वास काढत जातो आणि त्यांची अंडी, अळ्या खातो. म्हणजे तुमच्या मालकांची फुकटची चाकरी करतो, आणि मालकांना पत्ता नाही.

आता खरी गंमत. 'तो' म्हणायची आपल्याला सवय, पण ती 'ती' आहे. या जातीत सगळ्या माद्या. नर आजवर खात्रीने कुणालाच सापडलेला नाही. एकटीच अंडी घालते आणि त्यातून हुबेहूब तिच्यासारख्याच मुली निघतात. म्हणून तर कुंडीतल्या मातीत लपून ती बोटीतून कुठल्या कुठे पोचली. एकटी उतरली तरी पुरतं. पुढच्या वर्षी तिथे तिचं कुटुंब. लग्नाशिवाय संसार थाटणारी ही बाई मला फार आवडते. मीही तसाच एक पोर वाढवला. फक्त मला तो आयता मिळाला, बहिणीकडून, सहा वर्षांचा आणि रडका.

तेव्हा वाळाच घे. आधी मोज, मग स्पिरिट. नळीवर क्रमांक, तारीख, जागा, लांबी. रिकाम्या नळ्या आणि स्पिरिटची बाटली पार्सलने पाठवली आहे. बाटली ऊन लागेल अशी ठेवू नकोस. तू ठेवणार नाहीसच, पण मी म्हटल्याशिवाय राहणार नाही.

तुझी मावशी

---

नर्सरी, ६ ऑक्टोबर

मावशी,

पार्सल मिळालं. काहीही फुटलं नाही. बाटली सावलीत आहे.

तीन झाल्या. क्रमांक १ : १३२ मिलिमीटर. क्रमांक २ : ११७. क्रमांक ३ : १४८. तिन्ही नेच्यांच्या बाकाखालच्या.

मोजण्याची रीत लिहितो, म्हणजे सरांनी विचारलं तर तुला सांगता येईल. पट्टीवर ठेवली तर ती थांबत नाही, आणि ओढून धरली तर माप खोटं येतं. म्हणून मी पातळ काचेची एक लांब नळी घेतली आणि तिच्याखाली मिलिमीटरच्या रेघांचा कागद चिकटवला. पलीकडच्या तोंडाशी ओली माती ठेवली की ती आपणहून आत शिरते. चहूबाजूंनी काहीतरी टेकलेलं तिला आवडत असावं, कारण नळीत आल्यावर ती घाई करत नाही. अंग सरळ करते आणि थांबते. तेवढ्यात आकडा वाचायचा.

दुपारी काचघरात पाणी मारलं की काचांवर वाफ धरते. बाहेरची माणसं रंगांच्या डागांसारखी सरकतात आणि त्यांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात. त्या अर्ध्या तासात मी कुंडीला कान लावून बसतो. काही ऐकू येत नाही. पण काही ऐकू येत नाही ते फार जवळून येत नाही, असं काहीसं वाटतं. मला नीट लिहिता आलं नाही. ताई म्हणाल्या, "कान काढ, शिरेल आत." मी म्हटलं, आत मुंग्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मुंग्या नसतील, काळज्या आहेत. खाऊन खाऊन मरेल बिचारी."

यंत्र आलं. त्याची अक्षरं एकसारखी येतात, माझ्याहून नीट. हे लिहिताना वाईट वाटलं, पण खरं आहे. मार्चपर्यंत मला ठेवतो म्हणाले, जुन्या पट्ट्या उतरवायला.

तुझा भाचा

---

बरण्यांची खोली, १९ ऑक्टोबर

पंतोजी,

नळीची युक्ती सरांना सांगितली. ते 'हं' म्हणाले. तुला कल्पना नाही, पण ते 'हं' आठवडाभर पुरतं.

वेग वाढव. तीन म्हणजे काही दहा नाही. स्पिरिट उडतं, बुचं घट्ट बसव. आणि दुपारी कुंड्यांना कान लावून बसतोस हे तिथल्या लोकांना दिसतं का? मार्चपर्यंत तरी दिसू देऊ नकोस.

इथे मी बरण्या पुसतेय. माझ्यानंतर येणारा तूच असलास तर तुला त्या पुसलेल्या मिळाव्यात, आणि दुसरा कुणी असला तर त्याला लाज वाटावी.

तुझी मावशी

---

नर्सरी, २० डिसेंबर

मावशी,

उशिराबद्दल माफ कर. नऊ झाल्या. थंडीत त्या खोल जातात, म्हणून वेळ लागला. चार ते नऊ या क्रमांकांच्या लांब्या सोबतच्या कागदावर आहेत.

एक गोष्ट कळवायलाच हवी, कारण ती लपवली तर सगळी वहीच खोटी ठरेल. आधीचे आकडे तपासावेत म्हणून काल सगळ्या पुन्हा मोजल्या. क्रमांक ३ ऑक्टोबरात १४८ होती. आता १५१ येते. माझी तेव्हा चूक झाली की आता, या काळजीने मी चार वेळा मोजली. चारही वेळा १५१. क्रमांक ५ सुद्धा एक मिलिमीटरने जास्त आहे. वहीत दोन्ही आकडे ठेवलेत, पहिला खोडला नाही. कोणता खरा धरायचा, ते तू सांग.

दहावी मिळाली की कळवतो.

तुझा भाचा

---

नर्सरी, १० जानेवारी

मावशी,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. बरी आहेस ना? आकड्यांच्या घोळामुळे रागावली असशील तर तसं लिही. गप्प राहू नकोस. तू गप्प राहिलीस की मी लहानपणी जिन्याखाली जाऊन बसायचो, ते तुला ठाऊक आहे. इथे जिना नाही.

दहावी काल मिळाली. १०४ मिलिमीटर. कात टाकायच्या बेतात असावी, अंगावर दुधाळ निळी झाक आली आहे.

परवा स्वप्न पडलं, की काचघरातल्या सगळ्या कुंड्यांखाली एकच लांब नळी आहे आणि मी तिच्यात सरळ पडलोय. चहूबाजूंनी काच टेकलेली. भीती वाटली नाही. वर कुणीतरी आकडा वाचत होतं आणि तो बरोबर होता.

तुझा भाचा

---

बरण्यांची खोली, १४ जानेवारी

बाळा,

मी बरी आहे. आणि रागावले नव्हते, मोजत होते.

स्पिरिटमधला साप वाढत नाही. आकसतो. अडीच महिन्यांत तीन मिलिमीटर वाढला तो साप स्पिरिटमध्ये नाहीच. तो खाऊन-पिऊन सुखी आहे. तुझ्या नऊच्या नऊ जिवंत आहेत. आता दहाच्या दहा. तू कधी खोटं बोलला नाहीस. 'ठेवल्या' असं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाहीस, मी सगळी पत्रं काढून पाहिली. 'झाल्या' लिहितोस. दुसरा कुणी असता तर १५१ चा आकडा गपचूप गिळून टाकला असता. तू चार वेळा मोजून पोस्टाने पाठवलास.

तुझं पत्र आलं तेव्हा मला हसू आलं, आणि मग वाटलं की आकसतो म्हणजे किती, हे मला तरी कुठे माहीत आहे? कपाटात वाळ्याच्या एकवीस नळ्या आहेत. त्यातल्या सतरा मी स्वतः ठेवल्यात. एकेक काढून मोजली आणि जुन्या नोंदीशी ताडली. कुणी तीन मिलिमीटर कमी, कुणी पाच. एक तर आठ. एकतीस वर्षांत मी एकीलाही दुसऱ्यांदा मोजलं नव्हतं. लेबलावर लिहिलं ते लिहिलं. त्या आत बसून हळूहळू लहान होत राहिल्या, आणि मी बाहेरून काच पुसत राहिले.

आता जे तुला सांगितलं नव्हतं ते सांगते. तुझे नऊ झाले हे मी डिसेंबरातच सरांना सांगून टाकलं. त्यांनी वर तुझं नाव कळवलंय. फेब्रुवारीअखेर दहा नळ्या टेबलावर आल्या तर जागा तुझी, आल्या नाहीत तर नाही. मधला रस्ता नाही.

मार असं मी म्हणणार नाही, आणि मारू नकोस असंही नाही. पहिल्या वर्षी मैदानावर पोरांनी एक मोठी धामण धरली होती. ती ठेवायचं काम माझ्यावर आलं. बराच वेळ ती बरणीच्या काचेला नाक लावून होती. मी पाठ करून लेबल लिहीत बसले. लेबल फार सुरेख आलं. अजून आहे.

काय ते तूच ठरव. जिन्याखाली बसू नकोस.

मावशी

---

नर्सरी, ९ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र मी तीनदा लिहिलं. हे तिसरं आहे.

मी प्रयत्न केला. रविवारी दुपारी, सगळे जेवायला गेले होते तेव्हा, बाकावर दहा नळ्या ओळीने मांडल्या. लेबलं आधीच लिहिली होती. स्पिरिट खुणेपर्यंत भरलं. सांडलं नाही. पहिली ठेवायची ती क्रमांक ६, असं ठरवलं, कारण ती सगळ्यात सुस्त होती आणि तिच्याशी माझी ओळख कमी होती. हे कारण किती वाईट आहे ते मला तेव्हाच कळत होतं.

मी ती ठेवली.

फार वेळ लागला नाही. पण नळीत शिरताना तिने घाई केली नाही, मावशी. माझ्या मोजायच्या नळीत शिरायची तशीच शिरली. आकडा वाचतील आणि पलीकडून ओल्या मातीत सोडतील, असंच तिला वाटलं असणार. तिला ती सवय मीच लावली होती. कित्येक आठवडे रोज थोडी थोडी.

मग मी बाटलीला बूच लावलं आणि उरलेल्या नळ्या एकेक करून रिकाम्या केल्या. नऊ जणींना पाळायच्या कुंड्यांतून काढून नेच्यांच्या बाकाखाली नेऊन सोडलं, जिची जिथली माती तिला तिथेच. क्रमांक ३ ला शेवटी सोडलं. ती आधी वळली आणि मग दिसेनाशी झाली.

सरांना मी स्वतः पत्र लिहिलंय. त्यात लिहिलंय, की दहा नाहीत, एक आहे, आणि त्या एकीचंही मला वाईट वाटतं; माझ्या मावशीने तुम्हाला जे सांगितलं ते माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, दोष माझा. सोबत ती नळी आणि वही पाठवली आहे. कुणी किती खाल्लं, कात कधी टाकली, पाणी मारल्यावर किती वेळाने वर आली, ते सगळं वहीत आहे. उपयोग नसेल तर वही तू ठेव.

मालकांना विचारलं, मार्चनंतर मातीच्या शेडमध्ये घ्याल का म्हणून. माती चाळायची, कुंड्या भरायच्या. ते म्हणाले, "अरे, तू लिहिणारा माणूस." मी म्हटलं, आता ते यंत्र लिहितं. तर ये म्हणाले. ताईंनी मला जुने हातमोजे दिले. डाव्या हाताचे दोन आहेत.

तुला मान खाली घालायला लावली. ते मला सगळ्यात जास्त लागलंय.

तुझा भाचा

---

बरण्यांची खोली, २ मार्च

बाळा,

सरांनी तुझं पत्र वाचलं, वही उघडली, पाचसहा पानं उलटली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले. "पण मला बरण्या हव्यात. डायरी नको." मग वही माझ्याकडे सरकवली. वाईट माणूस नाही. त्यांना दहा हवे होते, आणि तू एक पाठवलास.

जागा दुसऱ्या मुलाला मिळाली. त्याने दिवड नावाचे दहा पाणसाप आणलेत, एका मापाचे. मुलगा बरा आहे. विचारत होता, एवढ्या बरण्या पुसायच्या का? मी म्हटलं, इच्छा असेल तर.

माझी मान कशाला खाली जाईल? मी त्यांच्यासमोर उभी होते, तुझी वही हातात होती आणि सरांच्या डोक्यावरून मला खिडकीबाहेरचं सगळं दिसत होतं. मान चांगली वर होती.

एकतीसला सुटते. पाच एप्रिलला तुझ्याकडे येते, सकाळच्या बसने. तुझ्या त्या बाया दाखव. मी त्यांना कधी भेटले नाही.

मावशी

---

घर, ८ एप्रिल

बाळा,

परतीच्या बसमध्ये माझं लक्ष नव्हतं. शेजारच्या बाईंनी दोनदा संत्र्याची फोड पुढे केली, दोन्ही वेळा मी फक्त मान हलवली. त्यांना मी मुकी वाटले असेन.

तिथे तू विचारलंस, "मावशी, रडतेस का?" मी म्हटलं, तुमच्या काचघरात फार दमट आहे. दमट होतंच. पण खरं आता लिहिते.

तू कुंडी तिरकी केलीस, ताईंनी झारीने पाणी मारलं, आणि ती मातीतून वर आली. पाण्याचा थेंब तिच्या पाठीवर होता. त्या थेंबाखाली ती जांभळी होती. जांभळी, आणि वळली तशी काळी, आणि मग तुझ्या बोटाजवळ निळी. मी एकतीस वर्षं तिच्या लेबलावर 'राखट तपकिरी' असं लिहीत आले. बरणीत आलेला कुणीही आठवड्याभरात राखट तपकिरी होतो, बाळा. मला रंग माहीतच नव्हता. मी वर्गात पोरांना शिकवत नव्हते म्हणून बरं, नाहीतर तोच शिकवला असता.

आणि ती जीभ. पुस्तकात वाचली होती. पण ती थांबून जीभ बाहेर काढते आणि वाट आठवल्यासारखी पुढे जाते, ते कुठे लिहिलेलं नाही. तुझ्या वहीत आहे. नोव्हेंबरच्या सातव्या पानावर. येताना बसमध्ये वाचलं.

तुझे खरबरीत झालेले हात मी पाहिले. त्याबद्दल काही बोलले नाही, आताही बोलणार नाही. एवढंच, की तू कुणाकडे तरी पाठ करून लेबल लिहीत बसला नव्हतास.

आता कामाचं. मला घरात बसवत नाही. सुटल्यापासून मी सकाळी उठून पुसायला काहीतरी शोधते. दर सोमवारी सकाळच्या बसने येईन. नेच्यांच्या बाकाशी एक स्टूल ठेव, पाठीचं नको, पाठ असली की मी झोपते. तू माती चाळत जा, मी लिहीत जाईन. तुझ्याएवढं चांगलं अक्षर नाही माझं, पण ताई म्हणाल्या त्याप्रमाणे बाकाखाली लांबट तांदळासारखी चार अंडी दिसली असतील, तर कुणीतरी रोज बघायला हवं, आणि तुला शेडमधून सुटायला संध्याकाळ होते.

एकच अट. त्या दिवशी मी तिला हात लावायला गेले आणि तिने जीभ आत घेतली, बघितलंस ना? माझ्या बोटांना अजून स्पिरिटचा वास येतो. आठ दिवस साबण लावतेय, जात नाही. जाईपर्यंत मला त्यांना हात लावू देऊ नकोस. तू धर. मी बघेन.

मावशी